प्लॅटिनम (दागिन्यांतील वापर, कोकण किनारा)

करड्या-पांढऱ्या रंगाचा, न गंजणारा मौल्यवान धातू. अणुक्रमांक ७८. कोकणात तो साखरपुड्याच्या अंगठीतून आला, बहुधा मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर, आणि अजून बराचसा बोटापुरताच राहिला आहे. गळा, कान आणि नाक सोन्याकडेच आहेत. त्यात आवडीनिवडीचा भाग आहेच, पण मोठा भाग आगीचा आणि मोडीचा, म्हणजे दागिना मोडून पैसे करण्याचा, आहे.

सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, चांदी ९६२ ला. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. कोळशाची शेगडी, फुंकणी, मूस आणि टाकणखार एवढ्यावर सोनाराने पिढ्यान्‌पिढ्या ठुशी, पाटल्या, नथी घडवल्या. त्या आगीत प्लॅटिनम नुसते तापते. त्यासाठी ऑक्सिजनची ज्योत किंवा इंडक्शन भट्टी हवी, आणि उजेड इतका प्रखर की काळा चष्मा लावल्याशिवाय पाहता येत नाही. शिवाय कार्बन मिसळला तर धातू ठिसूळ होतो. म्हणजे जो कोळसा सोन्याच्या कामात सोबती, तोच इथे वैरी. मूससुद्धा ग्रॅफाइटची चालत नाही. अंगठी बोटाला घट्ट झाली, तर गावातल्या सोनाराकडे सहसा इलाज नसतो. ती मोठ्या शहरातल्या कार्यशाळेत पाठवावी लागते.

हीच अडचण फार पूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर लोकांनी वेगळ्या युक्तीने सोडवली होती. आजच्या इक्वेडोर-कोलंबियाच्या सीमेवरील ला तोलिता भागातले कारागीर नदीच्या वाळूत सापडणारे प्लॅटिनमचे कण सोन्याच्या भुकटीत मिसळून तापवत. सोने वितळून कणांना धरून ठेवी. मग ते ठोकायचे, पुन्हा तापवायचे. प्लॅटिनम न वितळवताच त्याचा दागिना होई. पुढे आलेल्या स्पॅनिश लोकांनी मात्र या धातूला ‘प्लातिना’, म्हणजे क्षुल्लक चांदी, म्हटले. सोन्यात त्याची भेसळ होऊ नये म्हणून तो नदीत फेकून देण्याचे हुकूमही निघाले. स्पॅनिश नौदल अधिकारी आंतोनियो दे उयोआ यांनी १७४८ मध्ये त्याचे वर्णन छापले, तेव्हा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिऱ्यांच्या कोंदणासाठी पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी प्लॅटिनम उचलून धरले, कारण चांदीचे कोंदण काळे पडे.

चांदीचे काळे पडणे कोकणात कुणाला सांगायला नको. गणपतीच्या आधी पूजेची उपकरणी घासायला बसले की कळतेच. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर काळा थर बसतो. प्लॅटिनमवर तो बसत नाही. खारी हवा, घाम, पावसाळा, कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही. ते विरघळते ते अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात. किनाऱ्यावरच्या हवेला याहून सोयीचा दागिन्याचा धातू शोधून सापडणार नाही, आणि तरी इथे त्याचा खप बेताचाच, ही गंमतच आहे.

‘पांढरे सोने’ हा वेगळा प्रकार. (विदर्भात हा शब्द कापसासाठी वापरतात, ते सोडून देऊ.) त्यात सोन्यात पॅलेडियम, निकेल यांसारखे धातू मिसळून रंग उतरवतात आणि वर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा देतात. तो झिजला की खालची पिवळट छटा दिसू लागते. प्लॅटिनमचा पांढरेपणा मुळातला असतो. ओरखडे त्यावरही पडतात, पण त्यात धातू फारसा झडत नाही, बाजूला सरकतो. म्हणून जुनी अंगठी मंद दिसते. तरी तिचे वजन फारसे घटत नाही.

दागिन्यासाठी सहसा ९५० शुद्धतेचे प्लॅटिनम घेतात, म्हणजे हजारात ९५० भाग; उरलेले रुथेनियम, कोबाल्ट, इरिडियम किंवा तांबे. शुद्ध प्लॅटिनमची घनता घनसेंटीमीटरला सुमारे २१.४५ ग्रॅम आहे. त्यामुळे त्याच मापाची अंगठी १८ कॅरेट सोन्याच्या अंगठीपेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने जड भरते. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. प्लॅटिनम त्या सक्तीत येत नाही, म्हणून आतल्या बाजूचा ९५० चा शिक्का आणि दुकानाचे प्रमाणपत्र दोन्ही पाहून घ्यावेत.

प्लॅटिनम म्हणजे सोन्याहून महाग, ही समजूत आता जुनी झाली. २००८ मध्ये त्याचा भाव औंसाला २००० डॉलरवर गेला होता. २०१५ नंतर मात्र सोनेच पुढे आहे. या धातूचा मोठा हिस्सा मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत खपतो, त्यामुळे त्याचा भाव लग्नसराईपेक्षा मोटारधंद्याकडे पाहून हलतो. खनिज बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येते. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या पुळणीवर चमकणारी काळी वाळू पाहून कुणी हुरळून जाऊ नये. ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची.

राहिली मोड. कोकणी घरात दागिना हा अंगावरचा साठाही असतो. आंब्याचे पीक गेले, मुलाची फी आली, की पाटल्या तारण पडतात किंवा मोडल्या जातात. सोनेतारण कर्जात प्लॅटिनमला जागा नाही. जिथून घेतली त्या दुकानाची पावती हरवली, तर अंगठी विकायलाही जड जाते. गावातला सोनार ती तळहातावर तोलतो, छान आहे म्हणतो आणि परत देतो.