ठाकूर, मृणाल
(१ ऑगस्ट १९९२ – ). हिंदी, तेलुगू व मराठी चित्रपटांतील अभिनेत्री. जन्म धुळ्यात, मराठी कुटुंबात. स्टार प्लसवरील ‘मुझसे कुछ कहती... ये खामोशियाँ’ (२०१२) या हिंदी मालिकेत तिने गौरी भोसलेची भूमिका केली. २०१४ मध्ये झी टीव्हीवर ‘कुमकुम भाग्य’ सुरू झाली आणि नायिका प्रज्ञाची धाकटी बहीण बुलबुल म्हणून ती घरोघरी पोचली. त्याच वर्षी ‘हॅलो नंदन’, ‘सुराज्य’ व ‘विटीदांडू’ हे तिचे मराठी चित्रपट आले, पण तिची ओळख मालिकेमुळेच राहिली. रोजच्या मालिकेत वर्षानुवर्षे एकच पात्र रंगवावे लागते. लोक कलाकाराला पात्राच्या नावानेच ओळखू लागतात आणि चित्रपटवाले त्याला ‘टीव्हीचा चेहरा’ म्हणून बाजूला ठेवतात. २०१६ च्या सुरुवातीला, मालिका जोरात असताना, तिने ती सोडली.

तबरेज नूरानी दिग्दर्शित ‘लव्ह सोनिया’ (२०१८) हा तिचा पहिला हिंदी चित्रपट. बापाने विकलेल्या बहिणीला शोधायला निघालेली खेड्यातली मुलगी मुंबईच्या कुंटणखान्यात अडकते, आणि तिथून तिचा प्रवास परदेशापर्यंत जातो. मनोज बाजपेयी, राजकुमार राव, रिचा चढ्ढा, फ्रीडा पिंटो, डेमी मूर अशा मुरलेल्या कलाकारांमध्ये चित्रपटाचा सगळा भार या नवख्या मुलीवर होता. तिने तो समर्थपणे पेलला. तिच्या क्षमतेची खरी कल्पना आजही या भूमिकेवरून येते.

‘सुपर ३०’ आणि ‘बाटला हाऊस’ (दोन्ही २०१९) यांमुळे हिंदीत तिचा जम बसला खरा, मात्र कथा नायकाचीच होती. ‘तूफान’ (२०२१) मधील डॉ. अनन्या प्रभू ही मुंबईची मराठी मुलगी आणि ‘जर्सी’ (२०२२) मधील क्रिकेटपटूची पत्नी या भूमिका त्या मानाने भरीव होत्या. तरीही नायकाला उभारी देण्याचे काम पुन्हा तिच्याच वाट्याला आले.

ही चौकट तेलुगूने मोडली. हनु राघवपुडी यांच्या ‘सीता रामम्’ (५ ऑगस्ट २०२२) मध्ये १९६४ सालच्या काश्मीरमधील लेफ्टनंट रामला (दुल्कर सलमान) सीतामहालक्ष्मी या नावाने पत्रे येऊ लागतात. ती लिहिणारी असते हैदराबादची राजकन्या नूरजहाँ. रामला ठाऊक नसलेले हे गुपित एकटीने सांभाळणाऱ्या स्त्रीची ही भूमिका असल्याने कथेची किल्लीच मृणालच्या हाती होती. तेलुगू संवादांना आवाज चिन्मयी श्रीपाद यांचा होता. त्यामुळे चेहरा, नजर आणि देहबोली एवढ्याच साधनांनिशी तिने राजघराण्यातला संयम आणि प्रेमातली घालमेल एकत्र दाखवली, ही गोष्ट विशेष मानायला हवी. या चित्रपटासाठी तिला ‘सायमा’ या दक्षिण भारतीय चित्रपट पुरस्कारांतील तेलुगू पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

तेलुगू अभिनेता नानी याच्यासोबतचा ‘हाय नान्ना’ (डिसेंबर २०२३) तिच्या तेलुगूतील यशावर शिक्कामोर्तब करणारा ठरला. त्याच वर्षी १९७१ च्या युद्धावरील ‘पिप्पा’ हा तिचा हिंदी चित्रपट आला. पुढे विजय देवरकोंडासोबत ‘फॅमिली स्टार’ (२०२४), ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) मध्ये पाहुणी भूमिका आणि अजय देवगणबरोबर ‘सन ऑफ सरदार २’ (२०२५) अशी तिची वाटचाल दोन्ही भाषांत चालू राहिली. मराठी पडद्याला मात्र ही अभिनेत्री जेमतेम उमेदवारीच्या काळात लाभली.