शेजारचे घर कितीला विकले गेले? नोंदणीकृत विक्रीदरांविषयी ग्राहकांसाठी माहिती

घर विकण्यासाठी किंवा घेण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक जाहिरातींतील किमती पाहून आलेले असतात. जाहिरातीत असते ती विक्रेत्याची मागणी. व्यवहार कितीला झाला हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून एखाद्या भागाचा दर सांगताना आम्ही सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदलेल्या विक्रीखतांचा आधार घेतो. मात्र ही खतेही नीट वाचावी लागतात.

सर्वाधिक दुर्लक्षित बाब तारखेची आहे. बांधकाम चालू असताना घेतलेल्या सदनिकेची किंमत विक्रीकराराच्या वेळी ठरते आणि विक्रीखत मात्र इमारत पूर्ण होऊन भोगवटा दाखला मिळाल्यानंतर, कधी कधी दोन-तीन वर्षांनी नोंदले जाते. त्यामुळे खत यंदाचे असले, तरी त्यातील रक्कम करार झाला त्या वर्षाच्या बाजाराची असते. गोव्यातील पर्वरीचे उदाहरण घ्या. मोपा विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी विमाने सुरू झाली. समजा, तेथील एका सदनिकेचा करार 2021 मध्ये झाला आणि खत 2024 मध्ये नोंदले गेले. या खतातील दर विमानतळ सुरू होण्यापूर्वीचा आहे, आणि तो आजचा दर समजून कोणी आपली सदनिका विकली, तर नुकसान त्याचेच होईल. म्हणून आम्ही प्रत्येक खतातील मूळ कराराची तारीख पाहतो आणि नव्या इमारतींतील पहिली विक्री व जुन्या सदनिकांची पुनर्विक्री यांचे तक्ते वेगळे ठेवतो.

दुसरी बाब क्षेत्रफळाची. रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायदा, 2016 नुसार विकासकाने सदनिकेचे चटईक्षेत्र (आतील वापरण्याजोगे क्षेत्र) सांगणे बंधनकारक आहे, परंतु जुन्या इमारतींच्या खतांत अनेकदा बिल्टअप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांच्या वाट्यासह) क्षेत्र लिहिलेले आढळते. समजा, 80 लाख रुपयांना विकल्या गेलेल्या सदनिकेचे सुपर बिल्टअप क्षेत्र 100 चौरस मीटर आणि चटईक्षेत्र 70 चौरस मीटर आहे. पहिल्या हिशेबाने दर चौरस मीटरला 80 हजार रुपये पडतो, तर दुसऱ्या हिशेबाने सुमारे 1 लाख 14 हजार. सदनिका एकच असूनही दर इतके वेगळे दिसतात, म्हणून कोणते क्षेत्र धरले आहे हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये.

हद्दीकडेही लक्ष द्यावे. जाहिरातीत ‘पणजी’ असे लिहिलेली सदनिका प्रत्यक्षात ताळगाव पंचायतीत असू शकते, आणि पर्वरी तर मांडवीच्या पलीकडे बार्देश तालुक्यात येते. मळा, आल्तिनो, सांतिनेज आणि मिरामार या भागांचा एकच सरासरी दर काढणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यातच एखाद्या भागात वर्षभरात मोजकीच घरे विकली जातात, तेव्हा दोना पावला येथील एका मोठ्या बंगल्यानेही सरासरी फुगते. अशा वेळी आम्ही किमती चढत्या क्रमाने मांडून मधली किंमत धरतो.

गोव्यातील जुन्या घरांबाबत मात्र सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. येथील कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींचा मालमत्तेत सामान्यतः निम्मा-निम्मा वाटा असतो, आणि मूळ मालकाच्या निधनानंतर वारसांची इन्व्हेंटरी (न्यायालयामार्फत होणारी मालमत्तेची मोजदाद व वाटणी) झाली नसेल, तर कोणाचा वाटा किती हेच निश्चित झालेले नसते. अशा घरातील अविभाजित हिस्सा एखादा वारस विकतो, तेव्हा त्याला पूर्ण घराच्या प्रमाणात किंमत मिळत नाही, कारण घेणाऱ्याला इतर वारसांशी वाटणी करावी लागते. जागेत मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणारा, कायद्याचे संरक्षण असलेला रहिवासी) असेल, तरीही किंमत उतरते. फोंताईनशमधील किंवा मडगावच्या जुन्या भागातील एखादा अगदी कमी दर पाहून आपले घर स्वस्त झाले असे मानण्यापूर्वी ते खत संपूर्ण वाचून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अशी खते आम्ही तुलनेतून वगळतो.

कर्ज घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बँक कर्जाची मर्यादा आपल्या मूल्यांककाने काढलेल्या मूल्यावरही तपासते आणि 75 लाखांवरील गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने मूल्याच्या 75 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. सौदा 1 कोटी 20 लाखांचा ठरला आणि मूल्यांकन 1 कोटी 8 लाखांचे आले, तर कर्ज जास्तीत जास्त 81 लाख मिळेल. उरलेले 39 लाख, तसेच मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क, स्वतःजवळून द्यावे लागेल. शिवाय किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास निवासी (आयकरासाठी भारतातील रहिवासी असलेल्या) विक्रेत्याला पैसे देताना 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता अनिवासी असल्यास नियम वेगळे आहेत. गोव्यात असे विक्रेते पुष्कळ असल्याने हे आधीच विचारून घ्यावे.

आपल्या घराचा दर काढून हवा असल्यास येताना विक्रीखत किंवा विक्रीकरार, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) अथवा शहर सर्वेक्षणातील त्यासारखाच फॉर्म डी, भोगवटा दाखला, मंजूर आराखडा आणि घरपट्टीची शेवटची पावती आणावी. वारसाहक्काने आलेल्या घरासाठी इन्व्हेंटरीच्या आदेशाची किंवा वारसपत्राची प्रतही लागेल.