गिटार घेण्याआधी: लाकूड, हाड आणि तारा

मुलाला घेऊन इंदूरच्या आमच्या गिटारच्या दुकानात आलेले काका गिटार आधी हातावर तोलतात, मग विचारतात, "सागवानी आहे ना?" कपाट घ्यायचं असेल तर प्रश्न अगदी बरोबर. गिटारचा हिशेब मात्र उलटा आहे. सागवान जड, शिवाय तेलकट, त्यामुळे सरस नीट धरत नाही. गिटारची वरची फळी हलकी हवी आणि तरी ताठ हवी. तारेची थरथर ब्रिजमधून, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीतून, तिच्यात उतरते आणि तीच हवा हलवते.

म्हणून वरची फळी बहुतेक वेळा स्प्रूसची किंवा सीडरची असते. दोन्ही थंड मुलखातली सूचिपर्णी झाडं. स्प्रूसचा आवाज स्वच्छ, सीडरचा जरा मऊ. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, पण वरची फळी स्प्रूसचीच ठेवली. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं असेलच.

आमचं सांगणं एवढंच, की बजेट मोजकं असेल तर पैसे वरच्या फळीत घाला. अखंड फळी आणि प्लाय ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल भोकाची कड उजेडात धरून बघा. वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड. कडेला थर दिसले तर प्लाय. दुकानदार काय म्हणतो (आम्हीसुद्धा) त्यापेक्षा ही कड खरी. प्लाय वाईट असं नाही, शिकाऊ मुलाच्या धसमुसळेपणाला ते जास्त टिकतं.

पाठ आणि बाजूंना महोगनी किंवा शिसवी वापरतात. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवी घेतली. तेव्हापासून आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातलं हे लाकूड जगभरच्या गिटारांत वाजतंय.

नट आणि सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्या, स्वस्त गिटारला प्लॅस्टिकच्या असतात. हाडाच्या बसवल्या तर आवाज उघडतो. घरात हाड चालत नसेल तर आधी सांगा, कृत्रिम पट्टीही चांगली मिळते.

फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्या पांढऱ्या धातूला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त, बस.

तारांबद्दल एक ताकीद: नायलॉनच्या तारांसाठी बनलेल्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा साधारण ४०. ब्रिज उखडून आलेली गिटार आमच्याकडे येते तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं.

आता इंदूरची हवा. मे महिन्यात लाकूड सुकतं आणि आडवं आक्रसतं. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. श्रावणात फळी फुगते, तारा वर जातात, बोटं दुखतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. उन्हाळ्यात गिटार केसमध्ये, म्हणजे तिच्या पेटीत ठेवा. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि डबी केसमध्ये मानेपाशी ठेवून द्या. स्पंज लाकडाला लागता कामा नये. कूलरसमोरच्या भिंतीवर गिटार टांगू नका: दिवसभर ओला झोत, कूलर बंद केला की पुन्हा कोरडी हवा, यात फळीला चीर जाते. उन्हात उभ्या गाडीतही नको, सरस मऊ पडतो.

टोचणारी फ्रेट घरी कानशीने घासू नका. गिटार आहे तशी, केससकट घेऊन या. बघायचे पैसे आम्ही घेत नाही.