झाडांच्या शेंड्यांवरून चार इंजिनांची विमानं

फ्लाइट सिम्युलेटरवर ऑनलाइन लढाया खेळणाऱ्यांत एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. कोणीतरी तीन लँकेस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची चार इंजिनांची बॉम्बर विमानं, घेऊन येतो, झाडांना घासत तळावर घुसतो, एका दमात हँगर उडवतो. तोफांनी पाडलं तरी त्याला काय, मिनिटाभरात नवी तीन विमानं घेऊन हजर. मग भांडण जुंपतं: खऱ्या युद्धात कोणी असं केलं असतं का?

केलं होतं. मोजक्याच वेळा, आणि दर वेळी ज्यांनी केलं त्यांनी पुन्हा करायचं म्हटल्यावर दहा वेळा विचार केला.

लँकेस्टर आणि अमेरिकेची लिबरेटर, फ्लाइंग फोर्ट्रेस ही विमानं उंचावरून बॉम्ब टाकण्यासाठीच बनवलेली. लिबरेटरच्या पंखांचा पसारा ११० फूट. एवढं धूड जमिनीलगत उडवायचं म्हणजे अरुंद बोळातून एसटी हाकण्यासारखं. पंधरा-वीस हजार फुटांवर जमिनीवरून फक्त मोठ्या विमानवेधी तोफांची भीती. खाली आलं की २० आणि ३७ मिलिमीटरच्या तोफा, मशीनगन, साध्या सैनिकाची रायफल, सगळ्यांच्या टप्प्यात. विमान पेटलं तर पॅराशूट उघडायला उंचीच नाही. आणि आपलाच बॉम्ब आपल्याच पोटाखाली फुटू नये म्हणून त्याला उशिरा फुटणारा फ्यूज लावावा लागतो.

मग खाली जायचंच कशाला? रडार फार खालच्या विमानाला उशिरा पाहतं. लढाऊ विमानाला खालून हल्ला करता येत नाही. तोफेवरच्या माणसाला नेम धरायला दोन-चार सेकंदच मिळतात. आणि मुख्य म्हणजे बॉम्ब हव्या त्या इमारतीवर पडतो. या चारांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टींचा आधार एकच, शत्रू बेसावध असणं.

इंग्रजांनी हा जुगार १७ एप्रिल १९४२ ला खेळला. नव्या कोऱ्या १२ लँकेस्टर भरदिवसा, अगदी खालून, फ्रान्स ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्गला निघाल्या. लक्ष्य होतं पाणबुड्यांची डिझेल इंजिनं बनवणारा एमएएन कंपनीचा कारखाना. चार विमानं फ्रान्सवरच जर्मन लढाऊ विमानांना सापडली. एकूण सात परतली नाहीत. तुकडीचा म्होरक्या जॉन नेटलटन परतला, त्याला इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं. बॉम्ब नेमके पडले, काही फुटलेच नाहीत, आणि कारखाना बंद पडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ९४ लँकेस्टर फ्रान्समधल्या ल क्रूझोच्या श्नायडर कारखान्यावर गेल्या. वाटेत झाडांच्या उंचीवरून, पण बॉम्ब टाकायला वर चढून आणि अंधार पडताना. एकच विमान परतलं नाही. वाटेत मात्र पक्षी आदळून काही विमानांच्या काचा फुटल्या. वीस हजार फुटांवर ही काळजी कोणाला नसते.

जर्मनीतल्या धरणांवर इंग्रज लँकेस्टरनी केलेला १६-१७ मे १९४३ च्या रात्रीचा हल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रज अभियंता बार्न्स वॉलिसने बनवलेला पिंपासारखा बॉम्ब पाण्यावर टप्पे खात जाणार, भिंतीला टेकून बुडणार आणि मग फुटणार. त्यासाठी तो पाण्यापासून बरोबर ६० फुटांवरून सोडायला हवा. एवढ्या खाली, तेही रात्री, उंची दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबण्यात अर्थ नव्हता. म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे तिरके बसवले; पाण्यावरचे दोन प्रकाशाचे ठिपके एकमेकांना चिकटले की उंची जमली. शालेय भूमितीतला त्रिकोण, बस. योजना इतकी देखणी की तिची किंमत मागे पडते. गेलेल्या १९ विमानांपैकी आठ आली नाहीत, १३३ जणांपैकी ५३ मेले. दोन विमानं धरणापर्यंत पोचण्याआधीच विजेच्या तारा आणि खांबांना धडकून संपली. एक समुद्राच्या पाण्याला इतकं घासलं की बॉम्बच निखळून गेला. म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली. पुरात हजाराहून जास्त माणसं बुडाली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतीच. वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर आणि कैदी होते. सिम्युलेटरमध्ये धरण फुटलं की पाणी उसळतं आणि पडद्यावर गुण येतात. खालच्या छावण्या नकाशात काढायचं कोणाच्या मनातही येत नाही.

पण जड बॉम्बरच्या खालच्या हल्ल्याचा खरा धडा एकाच ठिकाणी मिळतो, रुमानियातल्या प्लोयेश्तीत.

जर्मनीच्या तेलाचा सुमारे तिसरा हिस्सा या एका गावाभोवतीच्या शुद्धीकरण कारखान्यांतून येत होता. जून १९४२ मध्ये डझनभर अमेरिकी लिबरेटर तिथे उंचावरून जाऊन आले. नुकसान नगण्य. पण तिथला जर्मन सेनापती आल्फ्रेड गेर्स्टनबर्ग जागा झाला. पुढच्या वर्षभरात त्याने गावाभोवती तोफांची कडी उभारली, तारा लोंबणारे फुगे चढवले, रेल्वेच्या वाघिणींत तोफा लपवल्या. अमेरिकी योजनाकार जेकब स्मार्ट याचा हिशेब वेगळा होता. उंचावरून हे कारखाने मोडायला हवीत तितकी विमानं हाताशी नाहीत. खालून गेलं तर थोड्या विमानांत नेमका बॉयलर, नेमका ऊर्ध्वपातनाचा मनोरा गाठता येईल. कागदावर बिनचूक.

लिबियाच्या वाळवंटात प्लोयेश्तीची नक्कल आखून लिबरेटरच्या पाच ग्रुपनी, म्हणजे मोठ्या तुकड्यांनी, सराव केला. उंचावरून नेम धरणारी महागडी नॉर्डन यंत्रं काढून साधे नेमदर्शक बसवले, बॉम्बच्या जागेत जादा तेलाची टाकी घातली. १ ऑगस्ट १९४३, रविवार. बेंगाझीच्या धुळीतून १७७ लिबरेटर उठले. जाऊन-येऊन दोन हजारांहून जास्त मैल, रेडिओ बंद.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. डोंगर ओलांडून ओळीने तीन खुणेची गावं. तिसऱ्या फ्लोरेश्तीला उजवीकडे वळायचं, की समोर प्लोयेश्ती. पुढचा ग्रुप दुसऱ्याच गावाला, तर्गोविश्तेला वळला. ताशी दोनशे मैलांहून जास्त वेगाने, झाडांच्या उंचीवरून जाताना एक दरी दुसरीसारखीच दिसते. वरून नकाशा दिसतो, खालून फक्त समोरचं शेत. मागचा ग्रुपही त्यांच्यामागे गेला. दोन ग्रुप आता बुखारेस्टकडे चालले होते. मागच्या ग्रुपचा प्रमुख अ‍ॅडिसन बेकरला डावीकडे कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या. तो वळला, ठरल्याच्या उलट बाजूने, तोफांच्या ऐन दाटीतून. त्याचं विमान लक्ष्याआधीच पेटलं. शेतात उतरवता आलं असतं. तसं न करता त्याने आणि सहवैमानिक जॉन जर्स्टाडने तुकडीला लक्ष्यापर्यंत नेलं. दोघेही वाचले नाहीत.

मागून जॉन केन आणि लिऑन जॉन्सन यांचे ग्रुप बरोबर मार्गाने आले, तेव्हा त्यांच्या वाट्याच्या काही टाक्या आधीच पेटलेल्या. धुरात चिमण्या दिसत नव्हत्या, पुढच्यांनी टाकलेले उशिराचे बॉम्ब खाली फुटत होते, तेलाच्या आगीची गरम हवा कित्येक टनांच्या विमानांना उचलून आपटत होती. बाजूने रुळावरून तोफांची आगगाडी त्यांच्याबरोबर धावत होती. आणि विमानांतले तोफची तिच्यावर गोळ्या झाडत होते. चार इंजिनांचे बॉम्बर आणि आगगाडी यांची अशी समोरासमोर लढाई!

पन्नासहून जास्त विमानं गमावली, तीनशेहून जास्त माणसं मेली. या एका हल्ल्यासाठी पाच मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेची सर्वोच्च शौर्यपदकं, दिली गेली. जवळच्या कंपिना गावचा तेलकारखाना युद्ध संपेपर्यंत उठला नाही, ही जमेची बाजू. बाकी प्लोयेश्तीकडे वापरात नसलेली क्षमता पडून होतीच. काही आठवड्यांत तेल पुन्हा वाहू लागलं. १९४४ च्या एप्रिलपासून अमेरिकनांनी इटलीतल्या तळांवरून प्लोयेश्ती पुन्हा धुतलं, पण या वेळी उंचावरून, शेकडो विमानांनी, महिनोन्‌महिने. झाडांच्या उंचीवरून लिबरेटरची अशी धाड पुन्हा तिथे पडली नाही.

त्या लिबरेटरांचे भाऊबंद पुढे पुण्यात नांदले, हे थोड्यांना माहीत असतं. युद्धानंतर इंग्रजांनी कानपूरला सोडलेले, मुद्दाम मोडून ठेवलेले लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळुरूला नेऊन दुरुस्त केले आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले जड बॉम्बर त्यातून उभे राहिले. लोहगावला त्यांचा तळ होता, आणि समुद्रावरच्या टेहळणीसाठी ते १९६८ पर्यंत उडत राहिले. जगातल्या संग्रहालयांत आज जे मोजके लिबरेटर दिसतात, त्यांतले बरेच या भारतीय भंगारातून आलेले.

जपानवर मात्र हाच हिशेब उलटा निघाला. अमेरिकेची बी-२९ ही तीस हजार फुटांसाठी बनवलेली विमानं. आधी बंगालमधल्या खरगपूरच्या परिसरातून उडाली, मग प्रशांत महासागरातल्या मेरियाना बेटांवरून. जपानवरच्या वरच्या हवेतले भन्नाट वारे बॉम्ब कुठल्या कुठे नेत. खरगपूरचा अनुभव घेऊन मेरियानाला आलेल्या अमेरिकी सेनापती कर्टिस लेमेने विमानांच्या बहुतेक तोफा उतरवल्या, आगलावे बॉम्ब भरले आणि ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर पाच ते नऊ हजार फुटांवरून पाठवलं. लाकडी शहर, सुमारे एक लाख मृत्यू. १४ विमानं परतली नाहीत. ते जमलं, कारण त्या मधल्या उंचीसाठी आणि रात्रीसाठी जपानकडे पुरेशी तयारीच नव्हती.

पुढे क्षेपणास्त्रांच्या भीतीने अमेरिकेचं जेट बॉम्बर बी-५२ खाली आलं, आणि खालच्या खडबडीत हवेने त्याला पिळून काढलं. जानेवारी १९६४ मध्ये एका बी-५२ चं शेपटाचं उभं पातं हवेच्या प्रचंड झटक्यांत तुटून पडलं. वैमानिकांनी ते तसंच उतरवलं. त्याचा फोटो पाहिला की धातूलाही घाम फुटतो असं वाटतं.

घरच्या पडद्यावर हे सगळं आलं ते १९८४ च्या सुमारास. कमोडोर ६४ वर धरणांच्या हल्ल्याचा खेळ निघाला, त्यात ते दोन प्रकाशाचे ठिपके जुळवायचे असत. १९९२ ला मायक्रोप्रोजने फ्लाइंग फोर्ट्रेसचा अख्खा चालकवर्ग सांभाळायला दिला. मग इंटरनेट आलं, शंभर माणसं एकाच आकाशात लढू लागली आणि गणित बदललं. एसेस हायसारख्या खेळात एकाला तीन बॉम्बरांची तुकडी मिळते. उंची गाठायला अर्धा तास, खालून गेलं तर दहा मिनिटं. मेल्यावर नवं विमान फुकट. असं असताना वीस हजार फुटांवर चढत बसणारा वेडाच म्हणायचा.

म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी हळूहळू किंमत लावायला घेतली. ठरावीक वेळ पडल्याशिवाय बॉम्ब जागाच होऊ नये. आपल्याच स्फोटाचे तुकडे आपल्याला लागावेत. बॉम्बर सूर मारून खेचला तर पंख गळावेत. काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत: पुढच्या विमानाच्या पंख्यांची ढवळलेली हवा, आगीवरचा उकळता झोत, आणि सहा-सहा तास जड स्टिअरिंग धरून बधिर झालेले खांदे. माझ्या जॉयस्टिकची स्प्रिंग करंगळीनेही वाकते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सहा जणांच्या कंपूने एक नियम केला: रात्रीला एकच जीव. पडलात की नुसतं बघत बसायचं. पहिल्या शनिवारी नेहमीप्रमाणे खालून गेलो; नदीकाठच्या तोफांनी साडेनऊच्या आत पाच जणांना घरी पाठवलं, सहावा झाडात अडकला. दुसऱ्या शनिवारी कोणी काही बोललं नाही. धावपट्टी सुटल्यावर सहाही जणांनी नाक वर केलं, आणि पुढची पस्तीस मिनिटं आम्ही चहा पीत अठरा हजार फुटांकडे चढत राहिलो.