आधी संगणक, मग फळा

जूनमध्ये शाळा उघडल्या की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या विद्यामंदिरात नव्या टीव्हीचे किंवा टॅबचे उद्घाटन होते. नारळ फुटतो, लोकवर्गणी देणाऱ्यांचा सत्कार होतो. मी प्राथमिक शिक्षक आहे. अशा कार्यक्रमांत मी टाळ्या वाजवल्या आहेत आणि त्या मनापासून वाजवल्या आहेत. पण यंत्राने वर्गात काय साधते आणि काय साधत नाही, हा प्रश्न टॅब आल्यावर सुरू झाला नाही. तो समजून घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर सुरुवात 1917 पासून करावी. त्या वर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या काळी 1 रुपया ही लहान रक्कम नव्हती. मूल घरी बसले तर त्याचा जाब कोणाला तरी विचारायचा, हा त्यामागचा आग्रह होता. पुढे याच मातीतले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सचिव झाले. संख्या, समता आणि गुणवत्ता हे भारतीय शिक्षणातले हाती न लागणारे त्रिकूट आहे, अशी मांडणी त्यांनी केली. एखादे साधन वर्गात आणताना मी अजूनही तेच तपासतो: ते किती मुलांपर्यंत पोचते, कोणाला मागे ठेवते आणि शेवटी मूल शिकते का.

देशपातळीवर यंत्राचा पहिला मोठा प्रयोग 1975-76 मध्ये झाला. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही कार्यक्रम पोचवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपली पाळी इन्सॅट उपग्रहांच्या काळात आली. पुण्यात 1984 मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली आणि तिने मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम केले, ही साधी गोष्ट नव्हती. अडचण माध्यमातच होती. कार्यक्रम ठरल्या वेळी लागायचा आणि ठरल्या वेळी संपायचा. वर्गात अर्ध्या मुलांना कळले नाही म्हणून दूरदर्शन थांबत नाही. बालचित्रवाणी 2017 मध्ये बंद झाली.

याच इतिहासातली एक जोडी मला स्वस्थ बसू देत नाही. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाच्या प्रकल्पातून निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्यानंतर 1987 मध्ये खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, फळा, नकाशे, तक्ते आणि थोडी पुस्तके मिळावीत, हा तिचा हेतू. म्हणजे आपल्याकडे संगणकाची योजना आधी आली आणि फळ्याची नंतर. एका खोलीत एकटे मास्तर चार इयत्ता सांभाळत आहेत, हे दिसायला स्वातंत्र्यानंतर 40 वर्षे लागली. यंत्राच्या मर्यादांवर बोलताना मला हा क्रम पहिल्यांदा आठवतो.

2004 नंतर केंद्राच्या आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, योजनेत माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. कंपनीने यंत्रे बसवायची, काही वर्षे शिक्षकासह चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची, अशी पद्धत होती. करार संपला की संगणक राहिले, शिकवणारा गेला. चपला बाहेर काढून ज्या खोलीत जायचे, तिला कुलूप लागले.

प्राथमिक शाळांतली लाट त्यानंतरची. राज्य सरकारच्या 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर गावोगाव डिजिटल शाळांची चढाओढ लागली. 2017 मध्ये दीक्षा हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅप आले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. हा बदल मला खरा मोलाचा वाटतो. चित्रफीत आता शिक्षकाच्या हातात आली, हवी तिथे थांबवता येऊ लागली. हृदयाच्या झडपा उघडतात कशा, ज्वालामुखी उसळतो कसा, हे मी 20 वर्षे फळ्यावर काढत आलो. मुलांनी ते हलताना पाहिले तेव्हा वर्ग चिडीचूप झाला होता.

पण हातच्याच्या वजाबाकीची चित्रफीत दाखवून झाल्यावर तिसरीतल्या एका मुलाने 52 मधून 27 वजा करून पाटीवर 35 लिहिले. उत्तर चूक आहे, हे अ‍ॅपनेही सांगितले असते. तो एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतो आहे, 7 मधून 2 आणि 5 मधून 2, हे त्याच्या शेजारी बसून ‘कसं केलंस रे?’ विचारल्यावर कळले. मग काड्यांचे गठ्ठे काढले. दशकाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या त्याच्या हातात दिल्या, तेव्हा ते जमले.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा भार फोनवर आला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागू लागली, तिचा पुष्कळ घरांना आधार झाला. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, तिथे मात्र दिवसभर काहीच नव्हते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरातल्या वाड्यांवर फोन असूनही रेंज नव्हती. 2021 च्या महापुरात करवीर-शिरोळच्या नदीकाठी वीजही गेली होती. म्हणून अनेक शिक्षक मुलांच्या दारात गेले. ओसरीवर, देवळाच्या पारावर चार-पाच मुले गोळा करून शिकवले.

आज टीव्हीचा सर्वांत जास्त उपयोग मला दोनशिक्षकी शाळेत दिसतो. एका इयत्तेला चित्रफीत लावून दिली की मास्तरांना दुसऱ्या इयत्तेजवळ बसायला अर्धा तास मिळतो. हा फार मोठा फायदा आहे आणि तो नाकारू नये. पण दुसरे शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेलेले असतात, त्या दिवशी चारही इयत्ता एकाच खोलीत टीव्हीसमोर बसतात.