बेचिराग गाव की उन्हाळी बिऱ्हाड? आल्प्समधल्या वाल्सर वस्त्यांचा घोळ

आपल्या महसुली दप्तरात एक शब्द आहे, बेचिराग. गावाचं नाव कागदावर असतं, शीव ठरलेली असते, जमीन मोजलेली असते, पण दिवा लावायला माणूस नसतो. आल्प्समधल्या ओस पडलेल्या वाल्सर वस्त्यांबद्दल वाचताना हा शब्द सारखा आठवतो. तिथला घोळही दिव्याचाच आहे. दरीच्या वरच्या टोकाला उन्हानं काळवंडलेल्या ओंडक्यांची दहा-बारा घरं, मधे पांढरं चॅपल, सगळ्या खिडक्या बंद. फोटोखाली लिहिलेलं असतं, 'वाल्सरांचं उजाड गाव'. पुष्कळदा ते गाव नसतंच. ते मायनसेस, म्हणजे गुरांबरोबर काही काळच राहायची वस्ती असते, आणि गुरं अजून वर आलेली नसतात म्हणून खिडक्या बंद असतात.

आधी वाल्सर कोण ते पाहू. स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांताच्या वरच्या भागातले, म्हणजे गोम्स खोऱ्यातले हे जर्मन बोलणारे शेतकरी. नाव 'वालिस'वरूनच आलं. बाराव्या-तेराव्या शतकापासून ते खिंडी ओलांडून दक्षिणेला आणि पूर्वेला पसरले. दऱ्यांचे सपाट, उबदार तळ रोमान्श किंवा इटालियन बोलणाऱ्यांनी आधीच धरलेले होते, त्यामुळे यांच्या वाट्याला आलं ते वरचं रान. जमीनदारांनाही ते हवेच होते, कारण पडीक जागेतून खंड मिळणार आणि खिंडींवर भरवशाची माणसं बसणार. १२८९ साली फात्स या जमीनदार घराण्यानं दावोसची जमीन वाल्सरांना कायमच्या वंशपरंपरागत कुळवहिवाटीनं दिली. खंड चीज, कापड अशा वस्तूंच्या रूपात भरायचा. तो भरला की माणूस मोकळा, आणि गावचा कारभार गावाच्या हाती. त्या काळात इतकी मोकळीक शेतकऱ्याला सहसा मिळत नसे. तिच्यासाठी माणसं दोन हजार मीटरवर थंडी काढायला तयार झाली.

थंडी काढायला, हे महत्त्वाचं. वाल्सर वस्तीची खूण बारमाही मुक्काम ही आहे. आव्हर्स खोऱ्यातलं युफ हे त्याचं टोकाचं उदाहरण. २,१२६ मीटर उंचीवरचं हे वाल्सर गाव युरोपातलं सर्वांत उंच बारमाही गाव मानलं जातं. आसपास जळणाला लाकूड नाही, म्हणून तिथले लोक मेंढ्यांचं खत वाळवून, त्याच्या विटा रचून चुलीत घालत. गोवऱ्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

आता मायनसेस. शब्दात 'मे महिना' आणि 'बसणं' असे दोन्ही अर्थ आहेत. आल्प्समधलं गुराखी कुटुंब वर्षाला तीन पायऱ्या चढतं. खाली गावातलं घर, मधे मायनसेस, सर्वांत वर आल्प, म्हणजे उंचावरचं कुरण. वसंतात वरचं बर्फ वितळेपर्यंत गुरं मधल्या पायरीवर चरतात, भर उन्हाळ्यात वर जातात, शरदात उतरताना पुन्हा तिथे थांबतात. आणखी एक फरक सहसा सांगितला जात नाही. आल्प बहुधा सामाईक असतं, गावाचं किंवा मंडळाचं, पण मायनसेस एकेका कुटुंबाच्या मालकीचं असतं. म्हणून तिथे प्रत्येकाचं वेगळं घर, वेगळा गोठा, वेगळी गवताची कोठी, आणि लांबून पाहणाऱ्याला सगळं मिळून अगदी गाव वाटतं.

मग ओळखायचं कशावरून? चॅपलवर जाऊ नका, ते उन्हाळी वस्तीतही असतं. दफनभूमी शोधा. जानेवारीत माणूस गेला तर त्याला जिथे पुरायची सोय आहे, ते गाव. धान्याची कोठारं पाहा. आल्प्सच्या दक्षिणेकडच्या वाल्सर गावांत ती छत्रीसारख्या दगडी खांबांवर उभी असतात, उंदीर वर चढू नयेत म्हणून. राय किंवा बार्ली पेरून, दळून, भाजून खाणारा माणूस काही आठवड्यांसाठी आलेला नसतो. नावावर मात्र विसंबू नये. वाल्सर आले तेव्हा बऱ्याच जागांना आधीच रोमान्श नावं होती, आणि त्यांनी तीच चालू ठेवली.

त्सेरफ्रायला हे असंच नाव. ग्राउब्युंडन प्रांतातल्या फाल्स खोऱ्याच्या वरच्या अंगाला ही वाल्सर वस्ती होती. १९५७ मध्ये १५१ मीटर उंचीचं धरण पूर्ण झालं आणि ती पाण्याखाली गेली. धरणानं गिळलेलं वाल्सर गाव अशी तिची ख्याती आहे, आणि ती ऐकायला चटका लावणारी आहे. पण पाणी आलं तेव्हा ते बारमाही गाव राहिलेलं नव्हतं. लोक त्याआधीच खाली फाल्सला उतरले होते, आणि त्सेरफ्रायला त्यांचं मायनसेस झालं होतं. धरणानं बुडवलं ते उन्हाळी बिऱ्हाड. गाव त्याच्या कितीतरी आधी, कुणी तारीख न टिपता, विझलं होतं.

म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी त्यांच्यात भिंत नाही. बारमाही गावाचं मायनसेस होणं हा वाल्सर वस्ती ओस पडण्याचा नेहमीचा रस्ता आहे. आधी एक घर हिवाळ्यापुरतं खाली राहतं, मग दुसरं. शेतं पडून तिथे नुसतं गवत वाढतं. घरं शाबूत, छपरं शाबूत, उन्हाळ्यात धूरही निघतो. जनगणनेत मात्र शून्य. वाढत्या थंडीच्या शतकांनी हे केलं असं म्हणायची पद्धत आहे, आणि काही उंच वस्त्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण विसाव्या शतकात उठलेल्या गावांचा दोष हवामानावर टाकणं मला सोयीचं वाटतं. खाली रस्ता आला, पगाराची कामं आली, मुलांना शाळा हवी झाली. वर फक्त हिमलोट उरले.

इटलीच्या ओसोला भागातली दोन गावं शेजारी ठेवली की हे नीट दिसतं. आगारो आणि सालेक्यो, वाल्सर बोलीत आगेर आणि सालाय. दोन्ही पोमाट, म्हणजे आजच्या फोर्मात्सा भागाकडून आलेल्या वाल्सरांची, दोन्ही एके काळी स्वतंत्र नगरपालिका, दोन्ही १९२८ मध्ये प्रेमियात विलीन झालेली. आगारो जिवंतपणी गेलं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे जलविद्युत धरण बांधलं गेलं आणि राहत्या लोकांना उठावं लागलं. चुलीत विस्तव असताना गेलेलं गाव म्हणायचं तर ते हे. पण पाण्याखाली असल्यानं पाहायला काही नाही, म्हणून आठवणही कमी.

विरोध झालाच नाही असं नाही. ऱ्हाइनवाल्ड खोऱ्यातल्या वाल्सरांनी स्प्ल्युगन गाव बुडवणारी धरणयोजना १९४० च्या दशकात अडवून धरली, आणि १९४६ मध्ये स्विस सरकारनंही ती नाकारली. ते गाव आजही आहे.

सालेक्योला धरणानं हात लावला नाही. तोचे नदीच्या दरीवर, कड्याच्या माथ्यावरच्या सपाटीवर, साधारण १,३०० ते १,५०० मीटरच्या दरम्यान खालची आणि वरची अशा त्याच्या दोन वाड्या आहेत. १९६० च्या दशकात शेवटची माणसं उतरली. त्यानंतर काही घरं डागडुजी होऊन उन्हाळ्यात उघडू लागली. आज जुलैत गेलात तर ते मायनसेस वाटेल आणि नोव्हेंबरात बेचिराग. हिवाळ्याच्या मध्यावर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, लोक बर्फातून वर चढून तिथल्या चर्चमध्ये कँडेलोरा साजरा करतात. तो मेणबत्त्यांचा सण आहे.