चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका राव

"इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढ, गाडी बंद नाही पडली म्हणजे अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ओके" हे दादरपासून पनवेलपर्यंत कुठलाही ड्रायव्हर छातीठोक सांगतो. पण जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या डिझेलची कित्येक इंजिनं एकदा सुरू झाली की विजेशिवायच चालतात, अल्टरनेटर मेला असला तरी, मग कळलं काय? आणि आताच्या गाडीत टर्मिनल सुटलं की करंट पचवायला बॅटरीच नसते, व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) उडतात, नशीब फुटकं असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा.

गणपतीला गावी जाताना वाशीपुढे आमच्या तेरा सीटरचा बॅटरीचा लाल दिवा लागला, मेकॅनिकने पाना काढला तसा मी त्याचा हातच धरला, म्हटलं आधी बॅटरीला व्होल्टमीटर लाव. बंद गाडीत 12.4 व्होल्ट, चालू करून 12.3, हेडलाइट-ब्लोअर लावल्यावर 11.8! म्हणजे चार्जिंग शून्य. चालू गाडीत साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम कमी-जास्त करतो, ते सोडा). टॉर्च मारला तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट ढिला, घासून आरशासारखा चकचकीत. अल्टरनेटर ठणठणीत होता, बेल्ट बदलला आणि निघालो.